बचावाची होडी : रबरी की फायबरची?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

खाडीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला पावसाळ्यापूर्वी सरसकट एकेक रबरी बोट देण्यात यावी, अशी सूचना करणारे एका वाचकांचे पत्र गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात वाचले. त्यामागची कळकळ कोणालाही पटावी अशीच आहे. २२ जुलै २०२१ रोजी वरून वाशिष्ठीचा लोंढा आणि खालून भरतीचे पाणी यांच्या कात्रीत चिपळूण सापडले, तेव्हा बुडालेल्या वस्त्यांतून माणसे बाहेर काढणाऱ्या एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या) रबरी बोटी साऱ्या महाराष्ट्राने दूरचित्रवाणीवर पाहिल्या, आणि तेव्हापासून बचाव म्हटले की त्याच बोटींचे चित्र लोकांच्या डोळ्यांसमोर येते. माझा आक्षेप त्या पत्रातील केवळ ‘सरसकट’ या शब्दाला आहे, आणि तो का आहे हे जरा विस्ताराने सांगण्याची परवानगी असावी.

मी दाभोळ खाडीच्या गुहागर बाजूच्या एका गावात राहतो. एकतीस वर्षे आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसवायच्या, इंजिनांची दुरुस्ती हाच माझा धंदा होता. आता गॅरेज मुलगा पाहतो आणि मी बाकावर बसून मुलाच्या चुका पाहतो. मी होड्या बांधणारा नव्हे, पण इंजिन बंद पडले की ते बहुधा होडीसकटच माझ्या दारी येई, त्यामुळे कोणती होडी कशाने खचते हे पाहण्यात माझी हयात गेली. आमच्या गावच्या ग्रामसभेपुढेही सध्या हाच विषय आहे. दोन कोटेशने आली आहेत : एक सुमारे चार मीटर लांबीच्या, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा तळ असलेल्या रबरी बोटीचे, आणि दुसरे चौदा फुटी फायबरच्या होडीचे. किमतीत फार फरक नाही. सभेत चर्चा झाली ती वेगाची आणि दिसण्याची. एका तरुणाने तर मोबाइलवर शोधून सांगितले की, १९५२ साली ॲलन बोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने असल्याच एका बोटीतून पासष्ट दिवसांत अटलांटिक महासागर पार केला होता. माहिती खरी आहे. परंतु भर महासागरात कालवांचे, म्हणजे धारदार कडांच्या शिंपल्यांचे, खडक नसतात, आणि आमच्या खाडीत ते पावलापावलाला आहेत.

रबरी बोटीचे गुण आधी सांगतो, कारण ते खोटे नाहीत. चार मीटरच्या बोटीची नळी पंचेचाळीस सेंटिमीटर व्यासाची आणि दोन्ही बाजू व नाळ (होडीचे पुढचे टोक) मिळून नऊ मीटर लांबीची धरली, तर आतील हवेचे आकारमान जवळजवळ १.४ घनमीटर भरते. म्हणजे नळ्या पूर्ण बुडेपर्यंत ती चौदाशे किलोंच्या आसपास भार पेलू शकते. नळीचे चार कप्पे असतील आणि त्यांतला एक फुटला, तरी हजार किलोंचा आधार शिल्लक राहतो, आणि बोट पाण्याने काठोकाठ भरली तरी तळाला जात नाही. त्याहून मोठा गुण म्हणजे बुडणाऱ्याला आत घेण्याची सोय. चौदा फुटी फायबरच्या होडीत दोन माणसे एकाच काठावर ओणवली की ती त्या बाजूला कलते आणि कडेवरून पाणी आत येऊ लागते. रबरी बोटीत तीच दोन माणसे नळीवर पोट टेकवून बुडणाऱ्याच्या काखेत हात घालतात आणि त्याला आत लोळवतात, तरी बोट जागची फारशी हलत नाही. नळी मऊ असल्याने तिचा धक्का लागून कोणाचे डोके फुटत नाही. चार गडी तिला उचलून नेऊ शकतात, घडी केली तर ती टेम्पोच्या मागच्या भागात मावते. दूरच्या गावी ट्रकने जाऊन, अर्ध्या तासात बोट फुगवून पाण्यात उतरणाऱ्या पथकाला दुसरी कोणती होडी चालणार? एनडीआरएफची निवड योग्यच आहे. प्रश्न इतकाच आहे की, आमची ग्रामपंचायत म्हणजे एनडीआरएफ नव्हे.

आपण तिला रबरी म्हणतो खरे, परंतु आज मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त बोटींत रबर नावालाही नसते. पॉलिएस्टरच्या विणीवर दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा लेप दिलेले ते कापड असते, जाडी साधारण ०.९ मिलिमीटर. याहून महाग बोटी हायपॅलॉन नावाने ओळखल्या जाणाऱ्या कृत्रिम रबराच्या असतात; ऊन, पेट्रोल आणि खारे पाणी त्या अधिक वर्षे सोसतात. कोटेशनमध्ये नुसते ‘उत्तम दर्जाचे मटेरियल’ असे लिहिलेले असेल तर ते पीव्हीसी आहे असे समजून चालावे. हा भेद केवळ आयुष्याचा नाही, चिकटवण्याचाही आहे. पीव्हीसीचा गोंद हायपॅलॉनला धरत नाही आणि हायपॅलॉनचा पीव्हीसीला. आणि दोन्ही गोंद हार्डनर मिसळून वापरायचे असल्याने डबा एकदा उघडून कालवला की उरलेला फेकावाच लागतो.

आता मुख्य अडचण. गोंद लावण्यापूर्वी जागा द्रावकाने पुसून कोरडी ठणठणीत करावी लागते, हवेतील आर्द्रता साधारण साठ-सत्तर टक्क्यांच्या आत असावी लागते आणि ठिगळ चोवीस तास, शक्य तर त्याहून अधिक, दाबून तसेच ठेवावे लागते. जुलै महिन्यात कोकणात आर्द्रता पंच्याऐंशी-नव्वदच्या घरात असते. माझ्या गॅरेजच्या भिंतीला त्या दिवसांत हात लावला तर बोटे ओली होतात. सहा-सात वर्षांपूर्वी पर्यटकांना खाडीत फिरवणाऱ्या एकाची अशी बोट ऐन पावसात माझ्याकडे आली होती. नळीला बोटभर चीर होती. आम्ही जागा पुसली, हॅलोजनचा दिवा लावून शेकली, उत्पादकाने सांगितलेला गोंद मुंबईहून मागवून लावला, वर ठिगळ बसवून पाटा ठेवला आणि दोन दिवस कोणी हात लावला नाही. फुगवल्यावर संध्याकाळपर्यंत सर्व ठीक होते. रात्रीतून ठिगळाची एक कड भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुटली आणि सकाळी बोट पोटात पाय घेऊन झोपलेल्या जनावरासारखी एका कुशीवर निजली होती. गोंदाच्या थरावर बाष्पाचा सूक्ष्म पडदा बसतो आणि तो डोळ्याला दिसत नाही. तीच चीर आम्ही पुढे नोव्हेंबरात एका दुपारी बुजवली. ती अजून टिकून आहे. म्हणजे ज्या चार महिन्यांसाठी बचावाची बोट घ्यायची, नेमक्या त्याच चार महिन्यांत ती गावात दुरुस्त होत नाही. याचा विचार आमच्या सभेत एकाही वक्त्याने केला नाही.

आणि चीर पडणारच नाही असे मानण्यास आमच्या खाडीत जागा नाही. आमच्याकडे उतरायला धड जेटी नाही, एक जुना दगडी धक्का आहे आणि त्याच्या पायथ्याशी सुकतीला, म्हणजे ओहोटीला, उघडे पडणारे काळे खडक आहेत. ते कालवांनी भरलेले असतात. माझी आई कालवे काढायला जात असे, तेव्हा पायात जाड तळाची चप्पल असूनही तिच्या टाचेवर कायम दोन-तीन आडवे वार असत. कालवाची कड पात्यासारखी असते आणि ती रबरी तळवाही कापते. सभेनंतर कुतूहल म्हणून मी गॅरेजमधला पीव्हीसी कापडाचा जुना तुकडा घेऊन सुकतीच्या वेळी धक्क्याखाली गेलो आणि बोट खडकाला घासावी तसा तो हाताने तीनदा ओढला. तिसऱ्या वेळी आतील वीण पांढरी दिसू लागली. त्या बोटीत सहा माणसे बसलेली आहेत, पाणी लाटांनी खालीवर होत आहे आणि काळोखात चालवणारा धक्का चाचपडत आहे, असे क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. यात गावात सर्वत्र पडलेले मासेमारीचे गळ, शिंगाळ्याचे काटे आणि पुरात वाहून येणारे पत्रे व काटेरी तारा मी धरलेल्याच नाहीत. देवबागच्या वाळूच्या पट्ट्यावर किंवा जिथे नुसती पुळण आहे अशा किनाऱ्यावर हा माझा आक्षेप बराचसा गळून पडतो, हे मी मान्य करतो. म्हणूनच ‘सरसकट’ नको.

होडी पाण्यात वर्षातून फार तर दहा-पंधरा दिवस असणार आणि उरलेले वर्ष जमिनीवर. ती कुठे ठेवणार? ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत, जिथे जुन्या मतपेट्यांचे खोके, मोडक्या खुर्च्या आणि उंदीर आहेत. घडी केलेल्या बोटीच्या आत उबदार पोकळी तयार होते आणि उंदराला याहून चांगले बाळंतघर मिळणे कठीण. घडीत पडलेले एक भोक उलगडल्यावर चार-पाच ठिकाणी निघते. घडी न करता फुगवूनच ठेवावी म्हटले तर ऊन आड येते. सकाळी तीस अंशांवर योग्य दाबाने, म्हणजे सुमारे ०.२ ते ०.२५ बार, फुगवलेल्या नळीचे तापमान दुपारच्या उन्हात साठ अंशांवर गेले आणि कापड ताणले गेले नाही असे धरले, तर आतील दाब जवळजवळ दीडपट होतो. सांधे उसवायला सुरुवात तिथूनच होते. जाणकार मनुष्य उन्हात हवा थोडी सोडतो आणि पाण्यात उतरवल्यावर नळ्या थंड होऊन सैल पडल्या की पुन्हा भरतो. हे रोज कोण करणार? एनडीआरएफकडे त्यासाठी नेमलेली माणसे आहेत. आमच्याकडे एक शिपाई आहे आणि तो नळपाणीही पाहतो.

आता फायबरच्या होडीचे दोष. सर्वांत गंभीर दोष विक्रेता कधीच बोलून दाखवत नाही : फायबर बुडते. जुनी लाकडी होडी पाण्याने भरली तरी तिचे लाकूड तरंगत असे आणि खलाशी तिला धरून राहत. काच आणि रेझिन यांचा थर पाण्याच्या दीडपटीहूनही जड असतो. त्यात इंजिनचे चाळीस-पन्नास किलो मिळवले की भरलेली होडी सरळ तळ गाठते. यावर उपाय म्हणजे बाकांखाली आणि नाळेच्या पोकळीत बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, फोम भरणे. चौदा फुटी होडी, तिचे इंजिन आणि तिच्यात छातीभर पाण्यात बसून राहणारी चार माणसे यांचा हिशेब केला तर माझ्या मते किमान तीनशे लिटर फोम हवा. अनेक स्वस्त होड्यांत बाकाखाली नुसती हवा असते आणि तिलाच ‘बॉयन्सी टँक’ (तरंगवणारी टाकी) म्हणतात. त्या बाकाला नांगराचा दोर बांधण्यासाठी कोणी एक स्क्रू मारला की टाकीचा हौद होतो. मी स्वतः असा एक बाक फोडला, तेव्हा आतून बादलीभर पाणी आणि थर्माकोलचे पाव किलो तुकडे निघाले. होडी जड का चालते, म्हणून मालक सहा महिने माझ्या इंजिनला दोष देत होता. दुसरा दोष वजनाचा. दीडशे-दोनशे किलोंचे धूड सुकतीच्या चिखलातून पाण्यापर्यंत न्यायला आठ माणसे लागतात, आणि पुराच्या रात्री आठ माणसे एका जागी सापडतीलच असे नाही. लाकडी ओंडके किंवा पीव्हीसीचे जाड पाइप खाली घालून चौघांत हे काम होते, परंतु ते पाइप त्याच जागी, दोरीने बांधलेले, तयार असले पाहिजेत.

तरीही आमच्या गावापुरते माझे मत फायबरच्या बाजूने आहे, आणि त्याचे पहिले कारण दुरुस्ती हे आहे. दाभोळपासून हर्णैपर्यंत फायबरचे काम जाणणारा मनुष्य शोधायला दिवा घेऊन फिरावे लागत नाही; काचतंतूंची मॅट, रेझिन आणि हार्डनर बंदरात मिळतात. रेझिनलाही ओल आवडत नाही, हे खरे, आणि पक्के काम पावसानंतरच करावे लागते. परंतु फायबरला भोक पडले तर होडी आपला आकार सोडत नाही. भोकात फडके कोंबून, आतून एम-सील थापून आणि वर पत्र्याचा तुकडा स्क्रूने आवळून आमचे मच्छीमार धक्क्याला परत आलेले मी पाहिले आहेत. कालवांवर घासली तर वरचा जेलकोट, म्हणजे रेझिनचा गुळगुळीत थर, खरवडला जातो, होडी फाटत नाही.

दुसरे कारण वल्ह्याचे. इंजिन बंद पडणार, हे इंजिनवाल्याइतके छातीठोकपणे दुसरा कोण सांगणार? वर्षभर पडून असलेल्या टाकीत इथेनॉलमिश्रित पेट्रोलने ओढलेली ओल कार्ब्युरेटरमध्ये उतरते आणि इंजिन नेमके मध्यावर शिंकू लागते. अशा वेळी फायबरची अरुंद, खाली कणा असलेली होडी दोन वल्ह्यांवर सरळ चालते. उथळ पाण्यात तर एका बांबूने रेटता येते. रबरी बोट वल्ह्यावर चालवणे म्हणजे फुगलेली गादी वाऱ्यात ओढणे. तिचे वजन कमी आणि उभार जास्त, त्यामुळे वारा तिला पाण्यावरून पानासारखी सरकवतो; नाळेत वजन नसेल तर जोराच्या झोतात तिचे तोंड उचलले जाते. जुलैच्या वाऱ्यात दाभोळच्या मुखाकडे सुकतीबरोबर निघालेली अशी बोट वल्ही मारून परत येईल, यावर मी एक रुपयाही लावणार नाही.

सभेत तिसराही पर्याय सुचवण्यात आला : खाली फायबरचा किंवा ॲल्युमिनियमचा कठीण तळ आणि वर भोवती हवेची नळी. ही रचना १९६० च्या दशकात वेल्समधील अटलांटिक कॉलेजात आकाराला आली आणि पुढे ब्रिटनच्या जीवरक्षक नौकांनी ती उचलली. समुद्रात तिला तोड नाही. परंतु तिला ट्रेलर लागतो, उतार लागतो, आणि वरची नळी तीच, गोंदही तोच. तटरक्षक दलाला जे शोभते ते आमच्या मागच्या खोलीत मावत नाही.

उलट चिपळूणसारख्या शहराच्या नगरपालिकेने रबरी बोटीच घ्याव्यात असे मी म्हणेन. तिथे पाणी गल्ल्यांत शिरते, होडीला जिन्याशी आणि खिडकीच्या ग्रिलशी भिडावे लागते, लहान मुले आणि वृद्ध यांना वरून झेलावे लागते. बोट ठेवायला अग्निशमन केंद्राची कोरडी जागा आहे आणि हवा तपासायला पगारी माणसे आहेत. तिथेही हायपॅलॉन घ्यावे आणि प्रत्येक बोटीमागे एक अखंड बोट राखीव ठेवावी, कारण पावसात ठिगळ धरणार नाही हे तिथेही तितकेच खरे आहे.

एक गोष्ट दोन्ही होड्यांना लागू आहे आणि तिच्यावरून मी अनेकांचे पैसे वाया गेलेले पाहिले आहेत. होडी एका दुकानातून आणि इंजिन दुसऱ्या दुकानातून घेतले जाते, आणि इंजिनच्या दांड्याची लांबी कोणी विचारत नाही. आखूड दांडा पंधरा इंचांचा असतो, लांब वीस इंचांचा. मागच्या फळीची उंची पंधरा असताना लांब दांडा लावला तर तो चिखलात रुततो. वीसच्या फळीवर आखूड लावला तर पंखा हवा खातो, इंजिन किंचाळते आणि होडी जागची हलत नाही. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाशी साधारण समपातळीत आली पाहिजे, एवढे एका लाकडी पट्टीने कोणालाही पाहता येते. आमच्या गावच्या दोन्ही कोटेशनांत इंजिन ‘१५ एचपी’ एवढेच लिहिलेले आहे.

या पत्राद्वारे जिल्हा प्रशासनाला माझी विनंती आहे की, ज्या गावाला होडी द्यायची त्या गावच्या धक्क्यावर खरेदीपूर्वी एकदा सुकतीच्या वेळी आणि एकदा उधाणाच्या भरतीला कोणीतरी जाणत्याने उभे राहावे आणि मगच मागणीपत्र लिहावे. रबरी असेल तर कापड कोणते, कप्पे किती आणि गोंद कोणता, आणि फायबरची असेल तर फोम किती लिटर, हे त्यात शब्दांत लिहिलेले असावे. आमच्या ग्रामसभेची पुढील बैठक याच महिन्यात आहे. फायबरची होडी घेण्याचे ठरले तर पैसे चुकते करण्यापूर्वी ती धक्क्याला बांधून, इंजिनाइतके वजन मागच्या फळीवर लादून, पंपाने काठोकाठ पाण्याने भरावी आणि चार धडधाकट माणसे लाइफ जॅकेट घालून तिच्यात अर्धा तास बसवावीत, अशी सूचना मी तिथे मांडणार आहे. चौघांपैकी एक मी असेन. उरलेले तिघे विक्रेत्याने आणावेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इंजिन दुरुस्तीकार
दाभोळ खाडीकाठ, ता. गुहागर, जि. रत्नागिरी